टोपी सांभाळून पडा

“पडा! पाव्हणं, पडा म्हणतोय न्हवं! काय लाइटीच्या डांबावानी हुबं ऱ्हायलाय? टोपी सांभाळा आन् पडा!”

माझं लग्न होऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. अंगात आहेरातला कोरा शर्ट, डोक्यावर कुणाच्या तरी आजोबांची गांधी टोपी, पायाखाली मंगल कार्यालयाच्या गाद्यांवर ताडपत्री ताणून केलेला आखाडा, आणि भोवती जाड पांढऱ्या कोटातली वीस-पंचवीस पोरं. माझी नवी बायको खिडकीशी तोंडाला पदर लावून उभी होती. लाजत असेल असं मला वाटलं; ती हसत होती. आम्ही मिरजेहून इस्लामपूरला तिच्या थोरल्या बहिणीकडे नवरानवरीचं जेवण जेवायला आलो होतो. जेवण मिळालं, अगदी पुरणपोळीचं मिळालं, पण सतरा वेळा पडल्यावर. सतराव्या खेपेला टोपी डोक्यावर राहिली, तेव्हा त्या ओरडणाऱ्या गृहस्थांनी मला उचलून छातीशी धरलं आणि माझ्या बायकोला सांगितलं, “जा घिऊन. ह्यो नवरा टिकतोय.”

हे माझे साडू. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ह्या माणसाइतकी माणसं जमिनीवर आडवी करणारा दुसरा गडी सातारा-सांगली जिल्ह्यांत झालेला नाही, आणि त्यांतल्या एकाशीही त्यांचं भांडण नव्हतं. मी म्हणतो ते खोटं वाटत असेल तर इस्लामपूरच्या बाजारात उभं राहून नुसतं “टोपी!” असं ओरडून बघा. निम्मा बाजार हनुवटी छातीला लावेल.

दाजींचा ज्यूडोचा क्लब आहे. पोटासाठी ते वायरमन आहेत, पण ते त्यांच्या लेखी मधल्या वेळचं काम. मंगळवारी आणि रविवारी सकाळी पोरं, गुरुवारी दुपारी बायका, आणि बाकीचे चार दिवस जो हाताला लागेल तो. ज्यूडो ते पुण्यात आयटीआय करताना शिकले. कोट घालून कुस्ती खेळतात असं कळलं, म्हणून थंडीत बरं पडेल ह्या हिशेबाने गेले, आणि पहिला महिनाभर तिथल्या मास्तरांनी त्यांना नुसतं पडायला लावलं. पाठीवर पडायचं, हनुवटी छातीशी घ्यायची म्हणजे डोकं आपटत नाही, आणि अंग टेकायच्या क्षणी पसरलेल्या हाताने जमिनीला फाटकन चापट मारायची म्हणजे मार हातात निघून जातो. झालं. पुढचे डाव-पेच दाजी शिकले असतीलही, पण त्यांचा जीव अडकला तो ह्या पडण्यात. डोकं टेकलं की नाही हे ओळखायची युक्ती मात्र अस्सल वाळवा तालुक्याची: प्रत्येकाने गांधी टोपी घालून पडायचं. टोपी घसरली तर डोकं लागलं, टोपी राहिली तर पास. जगात ज्यूडो कुठे गांधी टोपी घालून शिकवत असतील असं मला वाटत नाही, पण दाजींना विचाराल तर ते म्हणतील, “तितंच त्यांचं चुकतंय.”

दाजींना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. ते जेवतात उभ्याने, ताट हातात घेऊन, अंगणात येरझाऱ्या घालत. पहिला घास चुलीपाशी आणि शेवटचा फाटकाशी. न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा ते अर्धवट उठलेले असतात, त्यामुळे त्यांचे दोन कल्ले जन्मात एका रेषेत आलेले नाहीत. एसटीत जागा मिळाली तर शेजारच्याला देतात, त्याला नको असेल तर बळेबळे बसवतात, आणि गाडीने वळण घेतलं की उभ्यांना सूचना देत सुटतात: “दांडी धरू नगा! हात मोकळं ठिवा! पडलासा तर बाजूला पडा, म्होरं न्हाई!” एकदा इस्लामपूरच्या स्टँडवर एक म्हातारी गाडीच्या पायरीवरून उतरताना लटपटली. सावरली बिचारी, काहीच झालं नव्हतं. पण दाजींनी पिशवी टाकली आणि “आज्जे, अशी पडायची” म्हणून भर स्टँडात फरशीवर पाठीवर अंग टाकून दिलं. हाताची चापट अशी वाजली की कंट्रोलरने टायर फुटला म्हणून घोषणा केली. दाजी आडवे पडून हनुवटीकडे बोट दाखवतायत तोवर चारजण धावले, माणसाला फिट आली म्हणून दोघांनी पाय धरले आणि एका ऊसतोड्या मुकादमाने पायातली चप्पल काढून नाकाला लावली. चपलेखालून दाजी ओरडतायत, “हनवटी बगा! आज्जे, हनवटी!” आणि मुकादम म्हणतोय, “बडबडाय लागला, लय जोरात आलीया. दुसरी बी काढा!” आज्जी मात्र बघत राहिली होती. पुढच्या गुरुवारी ती क्लबात आली.

आता बाहेरच्या माणसाला ह्यात काय एवढं असं वाटेल. पण आमचा मुलूख तालमीचा. इथे गावोगावी लाल माती आणि घरटी एक तरी पैलवान. आणि कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की संपलं. ती टेकू नये म्हणून माणसं मानेवर पूल करून गुडघे फुटेस्तोवर तग धरतात. ‘त्याची पाठ टेकली’ हे आमच्याकडे तीन पिढ्या लक्षात ठेवतात, लग्न जमवताना विचारतात. अशा मुलखात दाजी पहिल्याच दिवशी पोरांना पाठीवर लोळवायला लागले! क्लब सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात औंधाकडून एक आजोबा आले. मिशा अशा, की दारातून तिरके शिरले. नातवाचा कान धरला आणि गरजले, “आमच्या खानदानात पाठीला माती ठाऊक न्हाई, आन् ह्यो वायरमन शिकवून पाठ लावतुय व्हय रं?” दाजी म्हणाले, “आवं आण्णा, न्हाई लागली तर बरंच हाय. पर उद्या म्हातारपण कुस्ती खेळाय आलं तर त्येला कवा चितपट करणार तुमी?” आजोबा नातवाला ओढत निघाले, आणि मंगल कार्यालयाच्या पायरीवर केळीच्या पानावरून त्यांचा पाय गेला. नातू खाली, आजोबा वर. नातवाने हनुवटी आत घेतली, चापट मारली आणि उठला. आजोबा त्याच्या अंगावर पडले म्हणून वाचले. नातू क्लबात राहिला.

मंगल कार्यालयात क्लब चालवण्याची एक अडचण म्हणजे लग्नं. मुहूर्त निघाला की गाद्या वरपक्षाच्या खोल्यांत जातात आणि पोरं मागच्या अंगणात उसाच्या पाचटाच्या ढिगावर पडतात. एकदा रविवारी सकाळी लग्नाची दाट तिथ होती आणि कुणी दाजींना कळवलंच नाही. पोरं कोट-पट्टे बांधून, टोप्या घालून आली ती थेट मांडवात. पांढरे कोट आणि पांढऱ्या टोप्या बघून वरपक्षाने त्यांना वाढपी समजलं आणि जिलेबीची पातेली हातात दिली. दाजींनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, “वाढा रं. डावाच्या आदी करता तसा नमस्कार करा, कमरंत वाकून वाढा, पाठ सरळ. आजचा सराव ह्योच.” दोन पंगती उठल्या. नवऱ्याचा मामा अजून सांगतो की वाढपी एक नंबरचे होते, पण ‘जिलेबी हवी का’ म्हणून विचारायच्या आधी नमस्कार का करत होते ते काही कळलं नाही.

आणि साताऱ्याची ती स्पर्धा! दाजी सात पोरं घेऊन गेले. मीही सुट्टी काढून गेलो, कारण हाडांचं काही झालं तर एक्स-रे काढणारा माणूस घरचा असावा असं त्यांचं म्हणणं. मी मिरजेत एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. सातही पोरं पहिल्या फेरीत पडली. पण काय पडली! एकेक असा पडला की पंच विसरले कुणाचा हात वर करायचा. जिंकणारे लंगडत बाहेर आले आणि हरलेले आमचे गडी ताजेतवाने, कोट झटकत. समोरच्या प्रशिक्षकाने मला हळूच विचारलं, “तुमची पोरं फक्त पडतातच का हो?” दाजींनी परत येताना कंदी पेढे घेतले आणि एसटीत सगळ्यांना वाटले. कंडक्टरने विचारलं, “कितवा नंबर?” दाजी म्हणाले, “सात पडले, सात उठले.” कंडक्टरला ते फार मोठं बक्षीस वाटलं असावं. त्याने दोन पेढे घेतले.

पण खरी बहार गुरुवारची. साठीच्या आसपासच्या पंधरा-सोळा बायका, नऊवारीचे काष्टे घट्ट खोचून, डोक्यावर नवऱ्यांच्या टोप्या घालून गाद्यांवर धडाधड पडायच्या. पहिल्या दिवशी एकजण पडली ती उठेचना. दाजी घाबरून धावले, “मावशी, लागलं काय?” मावशी डोळे मिटून म्हणाल्या, “लागलं न्हाई रं बाबा. लगीन झाल्यापासनं दुपारचं आडवं व्हायला पैल्यांदाच गावलंय. जरा गप ऱ्हा.” ह्या गुरुवारच्या वर्गात दाजी कमी ओरडतात. एकीची टोपी पडली की स्वतः उचलतात, झटकतात, पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवतात, आणि म्हणतात, “परत एकदा, आई.” सगळ्यांनाच ते आई म्हणतात.

त्याचं कारण मला ठाऊक आहे, कारण तो एक्स-रे मीच काढला होता. दाजींची आई परसात न्हाणीच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि खुब्यात मोडली. मिरजेला आणली तेव्हा माझा ह्या घराशी काही संबंध नव्हता. फिल्म मी दिव्यासमोर धरली आणि हा येरझाऱ्या घालणारा माणूस त्या फिल्मकडे खूप वेळ बघत राहिला. मग त्याने मला विचारलं, “सायब, ह्ये पडल्यामुळं झालं का पडाय येत न्हवतं म्हणून?” मी आजवर हजारो हाडं पाहिली, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आई अडीच महिने अंथरुणाला खिळली होती, आणि त्या अडीच महिन्यांत हॉस्पिटलच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालता घालता दाजींनी माझं गाव, पगार, गोत्र, उंची सगळं काढून घेतलं आणि आपली मेहुणी मला देऊन टाकली. आई गेली. आईच्या तेराव्यानंतर महिन्याभरात क्लब सुरू झाला.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे दाजींचे वडील. ऐन उमेदीत त्यांनी पंचक्रोशीत किती गदा आणल्या ते मोजायला माणूस लावावा लागेल, आणि पाठीला माती लागल्याचं कुणाच्या स्मरणात नाही. मंगल कार्यालयाचा मालक जुना कुस्तीशौकीन, त्याने म्हातारपणी आबांकडे कार्यालयाच्या किल्ल्या दिल्या, म्हणून तर क्लबला जागा मिळाली. पण आईच्या तेराव्याला, माणसं जेवून उठत असताना, दाजी वडलांना बोलून गेले. म्हणाले, “जल्मभर जगाला पाडलंसा आबा. पर घरातल्या माणसाला पडाय कवा शिकवलं न्हाई.” आबा ताटावरून उठले, हात धुतला, आणि त्या दिवसापासून मुलाच्या एकाही शब्दाला त्यांनी उत्तर दिलं नाही. सहा वर्षं. एका घरात. माझी मेहुणी, म्हणजे दाजींची बायको, पाव्हण्यांपुढे सांभाळून घ्यायची: “आबास्नी जरा कमी ऐकू येतं.” हळूहळू सगळं गाव तेच म्हणायला लागलं. गाव त्यांच्या कानाशी ओरडून बोलायचं आणि आबा मिशीतून बघत राहायचे.

आठवड्याचे तीन दिवस आबा यायचे, कुलूप काढायचे, किल्ली मुलाच्या हातात न देता खिडकीत ठेवायचे, आणि दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर क्लबकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसायचे. मागे पोरं धबाधब पडतायत, दाजी बोंबलतायत, आणि आबा रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर मोजतायत. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. दाजी दर वर्गाच्या शेवटी एक टोपी हातात घेऊन खुर्चीमागे जायचे. “आबा, एकदा पडून बगा की. गादी मऊ हाय. न्हाणीत फरशी वली असती, तुमी पहाटं एकलं जाता…” आबा उठायचे, किल्ली घ्यायचे, चालू लागायचे. दाजी टोपी पिळत उभे राहायचे, मग लगेच कुणावर तरी ओरडायला लागायचे. मी एकदा म्हणालो, “दाजी, पैलवान माणूस, ह्या वयात पाठ टेकणार नाही. सोडा नाद.” ते माझ्याकडे वळले. “पाव्हणं, दुसरा एक्स-रे मला बगायचा न्हाई,” एवढंच म्हणाले. मग मला सात वेळा पाडलं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रविवार होता, आदल्या दिवशी लग्न झालं होतं, आणि कार्यालयातल्या बायकांनी जेवणाच्या हॉलची फरशी सोड्याच्या पाण्याने धुवायला काढली होती; फेस दारातल्या खुर्चीपर्यंत आला होता. मी आणि बायको सकाळच्या गाडीने आलो होतो. पोरं गाद्यांवर, दाजी मधोमध, घसा बसलेला. चहा आला. कप घ्यायला आबा खुर्चीतून उठले, वळले, आणि त्यांचा पाय फेसावर पडला. एवढा उंच माणूस. दोन्ही पाय हवेत गेलेले मला दिसले.

आणि माझे साडू, ज्यांनी आयुष्यभर माणसं दिसली की ‘पडा’ म्हणून आरोळी ठोकली, ते जन्मात पहिल्यांदा उलटं ओरडले. “आबा, पडू नगा!”

फाट्!

अख्खा हॉल घुमला. मी पळालो, बायको पळाली, पोरं गाद्यांवरून पळाली. दाजी एकटे होते तिथेच राहिले. आबा पाठीवर पडलेले होते. सपाट. खांद्यापासून खांद्यापर्यंत पाठ टेकलेली, डावा हात बाजूला पसरलेला, तळवा लालबुंद. हनुवटी छातीत रुतलेली. आणि डोक्यावर टोपी. जशी घरून निघताना घातली होती तशी, मधल्या घडीसकट. कोटातलं एक पोरगं न राहवून म्हणालं, “पास!”

काही झालं नाही म्हणून चालणार नव्हतं. मी जीप बोलावली आणि त्यांना मिरजेला नेलं. वाटेत आबा खिडकीतून ऊस बघत होते, दाजी मागे वाकून उभेच होते, त्यांच्या हातात कुणाची तरी टोपी राहिली होती, ती ते उलगडत होते, मिटत होते. हॉस्पिटलात मी स्वतः आबांना टेबलावर घेतलं, खुब्याचे दोन, कमरेचे दोन असे चार एक्स-रे काढले, आणि डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि वय पुन्हा विचारलं. केसभर तडा नव्हता.

बाहेर आलो तर दाजी व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले होते. बसलेले. दोन्ही पाय जमिनीवर, हात मांडीवर, सहा वर्षांपूर्वी ज्या व्हरांड्यात ते अडीच महिने चालत होते त्याच व्हरांड्यात. मला त्यांना फिल्म दाखवायची होती, पण त्यांनी ती घेतली नाही. आबांना मी धरून आणलं होतं, त्यांनी माझा हात सोडवला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. डावा तळवा त्यांनी गुडघ्यावर उताणा ठेवला होता, तो अजून लाल होता.

मग दाजींनी, पुढच्या भिंतीकडे बघत, अगदी हळू आवाजात विचारलं. इतक्या हळू की मी दोन हातांवर होतो तरी मला जेमतेम कळलं.

“आबा, कवा शिकलासा ओ ह्ये? तुमी तर एकदा बी वळून बगितलं न्हाई.”

आबांनी टोपी काढली, मांडीवर झटकली, पुन्हा घातली.

“मी काय भैरा न्हाई,” आबा म्हणाले.